हँडल बदलण्याआधी

गॅरेजात येणारं गिऱ्हाईक कुठं दुखतंय हे सहसा सांगत नाही. काय बदलायचं ते घरूनच ठरवून येतं. "वरचं हँडल टाकून द्या", "बुलेटचं हँडल या गाडीला बसतंय का बघा", "दोन इंचाचे रायझर मागवलेत, तेवढे चढवून द्या." मी लगेच पाना हातात घेत नाही. म्हणतो, "आधी गाडीवर बसा. रोज बसता तसंच बसा, फोटोला बसल्यासारखं नको."

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला लागून माझं दुचाकीचं गॅरेज आहे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्यांची ही पद्धत. तालमीतला वस्ताद नव्या पोराला डाव शिकवण्याआधी तो उभा कसा राहतो ते बघतो, तसे आमचे वस्ताद गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून दोन पावलं मागं सरकायचे आणि बाजूनं नुसतं बघत राहायचे. मनगट सरळ आहे की वर मोडलंय, कोपर ताठ आहे की सैल, खांदे कानाकडे चढलेत का, आणि माणूस सीटच्या नेमक्या कुठल्या भागावर टेकलाय. माणूस गाडीला तीन ठिकाणी टेकतो: सीट, फुटरेस्ट आणि हँडल. तिन्हींतली एक जागा हलली की उरलेल्या दोन ठिकाणचा भार बदलतो. त्यामुळं हाताच्या दुखण्याचं मूळ हँडलमध्येच असेल असं नाही. पुष्कळदा ते सीटमध्ये निघतं, कधी पायात, कधी मागं बांधलेल्या ओझ्यात.

ओझ्यावरून एक दूधवाले मामा आठवतात. पन्हाळ्याकडच्या एका गावातून रोज पहाटे शहरात रतीब घालायला येतात. शंभर सीसीची गाडी, मागं लोखंडी कॅरिअर, दोन्ही अंगाला एकेक चाळीस लिटरचा कॅन. दूध आणि कॅन धरून ओझं शंभर किलोच्या जवळ जातं, म्हणजे मागं सतत एक भरल्या अंगाचा माणूस बसवून चालल्यासारखं. मामांची तक्रार अशी, की दोन्ही हातांना मुंग्या येतात, म्हणून हँडल उंच करून पाहिजे. मी म्हटलं, "मामा, कॅन लावूनच या." दुसऱ्या दिवशी माल उतरवून परतीच्या वाटेवर रिकामे कॅन लावून आले. बसवून बघितलं, तर कॅरिअरची पुढची आडवी पट्टी सीटवर चांगली वीतभर पुढं आलेली. मामा सीटवर बसतच नव्हते, टाकीच्या उतारावर बसत होते. अंग पुढं सरकल्यामुळं हँडल पोटाशी आलेलं, कोपरं बाहेर फाकलेली आणि मनगटं करंगळीच्या बाजूला मोडलेली. गाडी वळवताना आतली मूठ पोटाला लागायची. चढ आला की टाकीवरून घसरू नये म्हणून सगळं अंग हातांनी धरून ठेवायला लागायचं.

इथं हँडल उंच केलं असतं तर दुखणं वाढलं असतं. गाडीचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, तो मागं रेललेला असतो. रायझर त्याच रेषेत बसतात, त्यामुळं हँडल वर जाताना मागंही येतं. फोर्क साधारण २६ अंश रेललेला असेल आणि रायझर ३० मिलिमीटरचा असेल, तर हँडल २७ मिलिमीटर वर जातं आणि १३ मिलिमीटर चालवणाऱ्याकडं सरकतं. ज्याला पुढं वाकून हँडल गाठावं लागतं त्याला या १३ मिलिमीटरचा आनंदच होतो. मामांच्या मात्र ते पोटात गेलं असतं.

म्हणून केलं ते उलटं. हँडलच्या क्लँपचे बोल्ट सैल केले, हँडल आहे त्याच जागी पुढं फिरवलं. मुठी दीड इंच लांब गेल्या. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर नव्यानं जुळवले. कॅरिअर वेल्डरकडं नेऊन कॅन होते तिथंच ठेवले, फक्त पुढची पट्टी कापून मागं घेतली. कॅनच मागं सरकवले असते तर पुढचं चाक आणखी हलकं झालं असतं. मागं ओझं असलेल्या गाडीचं पुढचं चाक आधीच हलकं पडलेलं असतं, कमी वेगात हँडल डगमगतं, आणि ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक दाबला की चाक लवकर घसरतं. हे मामांना समजावून सांगितलं. मागच्या टायरमध्ये ओझ्याच्या हिशेबानं हवा ठेवायलाही सांगितलं. पुढं सर्व्हिसिंगला आले तेव्हा म्हणाले, "हाताच्या मुंग्या गेल्या बघा, पण कंबर अजून धरतीय." कंबर धरणारच. एवढं ओझं घेऊन त्या रस्त्यानं रोज येणाऱ्या माणसाची कंबर हँडल फिरवून सुटत नाही, आणि सुटेल असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

मुंग्या येतात म्हटलं की मी विचारतो, कुठल्या बोटांना? करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येत असतील, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब पडतोय. तिथून जाणारी नस दबते. याचा अर्थ अंगाचा भार हातांवर येतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतील, तर मनगट मोडलेलं असतं. तिथं मनगटाच्या आतल्या अरुंद वाटेतून दुसरी नस जाते. हे मला एका हाडांच्या डॉक्टरांनी त्यांची गाडी दुरुस्तीला आली असताना स्वतःच्या हातावर दाखवलं, आणि तेव्हापासून माझ्या कामात या एका प्रश्नाचा जेवढा उपयोग झाला तेवढा महागड्या हत्यारांचाही झाला नाही. गाडीवरून उतरल्यावर, रात्री झोपेतसुद्धा बोटं बधिर राहत असतील, तर मी गाडीला हातच लावत नाही. आधी डॉक्टरांकडं जा म्हणतो.

मोडलेल्या मनगटाचा इलाज बहुतेक वेळा आठ किंवा दहा नंबरच्या पान्यात असतो. लिव्हर ज्या क्लँपनं हँडलला धरलेला असतो तो सैल करायचा. गाडीवर बसून हात खांद्यापासून मुठीपर्यंत नेहमीसारखे ठेवायचे आणि बोटं सरळ लांब करायची. ती अलगद लिव्हरवर पडली पाहिजेत. लिव्हर वर असला की बोटं वर उचलावी लागतात, मनगट मागं मोडतं, आणि दर क्लचला तेच होतं. ताराराणी चौकातून रंकाळ्यापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत गाडी नेलेल्या माणसाला विचारा, किती वेळा क्लच दाबला. लिव्हर दोन बोटं खाली फिरवला आणि गिऱ्हाईक नवीन हँडल न घेताच घरी गेलं, असं कितीदा तरी झालंय. त्या कामाचे मी पैसे घेतो. काम कमी वेळाचं आहे, पण ते कळायला वर्षं गेलीत.

लिव्हर झाला की हँडल आहे त्या क्लँपमध्ये थोडं पुढं-मागं फिरवून बघायचं. मग केबलचा फ्री प्ले. मग सीट. एवढं करूनही भागलं नाही तर नवीन हँडल किंवा रायझर. हा क्रम मी सोडत नाही, कारण पहिल्या तीन गोष्टी कधीही परत होत्या तशा करता येतात.

एक शिक्षिका राधानगरी तालुक्यातल्या शाळेत ३५० सीसीच्या बुलेटवरून जातात. त्यांना हँडल जवळ पाहिजे होतं. बसवून बघितलं तर हात पोचत होते, पण क्लचपर्यंत बोटं पोचत नव्हती, म्हणून त्या मूठ अर्धवट सोडून पुढं झुकत होत्या. तळहात लहान असलेल्या माणसाचं हे नेहमीचं दुखणं, पुरुषांतही. मुठीच्या जवळ येणारा लिव्हर मिळाला, क्लचची केबल जुनी होऊन जड झाली होती ती बदलली आणि हँडल जरासं मागं फिरवलं. आणखी मागं घेता आलं असतं, पण पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा बसला पाहिजे. तो चेंगरत असेल तर पार्किंगमधून गाडी काढतानासुद्धा माणूस पडतो. तेवढी जागा राखून थांबलो. ताई म्हणाल्या, "आणखी थोडं चाललं असतं." मी नाही म्हणालो, आणि का ते हँडल वळवून दाखवलं.

आता ज्या कामानं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते सांगतो. एक तरुण, औषध कंपनीचा प्रतिनिधी. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा त्याचा भाग. गाडी पल्सर २२०. या गाडीला सलग पाइपचं हँडल नाही. फोर्कच्या दोन्ही पाइपांना वेगवेगळे क्लिपऑन आहेत. दिवसभर थांबत थांबत जाणाऱ्याच्या मनगटांवर त्यात भार येतो, हे खरं. त्यानं दुसऱ्या एका गॅरेजात क्लिपऑन वर करून घेतले होते. माझ्याकडं आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी: हायवेला ऐंशीच्या वर गाडीचं तोंड थरथरतं.

त्यानं कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगचं बेअरिंग, बदलायला सांगितलं होतं. मी पुढून बघितलं, तर फोर्कचे पाइप वरच्या ‘टी’मधून, म्हणजे ते धरणाऱ्या आडव्या क्लँपमधून, असायला हवेत त्याहून बरेच वर काढलेले. क्लिपऑन वर न्यायला जागा पाहिजे म्हणून दोन्ही टी सैल करून पाइप वर सरकवले होते. बघणाऱ्याला वाटतं हँडल वर आलं. प्रत्यक्षात गाडीचं पुढचं अंग खाली बसलं. पुढचं अंग खाली बसलं की फोर्क जास्त उभा होतो आणि ट्रेल कमी होते. स्टिअरिंगची तिरकी रेष खाली वाढवली तर ती जमिनीला जिथं मिळते, त्याच्या थोडं मागं चाक टेकलेलं असतं. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. त्या अंतरामुळं चाक आपोआप सरळ राहायला बघतं. ते कमी झालं की गाडी वळायला चपळ होते आणि सरळ वाटेवर बेभरवशाची. जोरात ब्रेक मारला की फोर्क दबतो, ट्रेल आणखी घटते, म्हणजे ज्या क्षणी गाडी स्थिर पाहिजे त्याच क्षणी ती सगळ्यात डळमळीत. हा मुलगा दोन महिने असाच आंबोलीच्या बाजूला वर-खाली करत होता.

मी पाइप कंपनीच्या खुणेवर परत आणले. थरथर गेली. कोनसेट चांगलाच होता. मग मनगटांचं बघितलं. उंच घडणीचे क्लिपऑन मिळतात, त्यांत फोर्कला हात न लावता मूठ इंचभर वर येते. ते बसवले. पण त्याला मी खरं शिकवलं ते गुडघ्यांनी टाकी धरायला. पुढं झुकलेल्या गाडीवर अंग पोटाच्या आणि मांडीच्या जोरावर सावरायचं असतं. पाय सैल सोडले की सगळा भार मनगटात उतरतो, मग हँडल कुठलंही असो. त्याला हात अलगद ठेवून, कोपरं सैल सोडून गॅरेजच्या मागच्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लावल्या. तो वैतागला. तरी मारल्या.

उंच हँडल म्हणजे आराम, हा समज पक्का बसलाय. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर तो खरा वाटतो. ताठ बसलेल्या माणसाचा बहुतेक भार मात्र बैठकीवर जातो, आणि प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यातून सरळ वर चढतो. जरा पुढं झुकलेलं अंग तो धक्का वाटून घेतं. हायवेला वेग वाढला की छातीवर वारा येतो. ताठ बसलेला माणूस त्या वाऱ्यानं मागं ढकलला जातो आणि हँडलला लटकून बसतो. तासाभरात खांदे भरून येतात. किंचित झुकलेल्याला तोच वारा आधार देतो. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्याचं आणि दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याचं हँडल एकाच मापाचं असू नये. माप ठरवताना मी उंचीइतकंच रस्त्याबद्दल विचारतो.

कॉलेजची मुलं आरएक्स हंड्रेड घेऊन येतात. १९९६ साली बंद झालेली ती गाडी आजही कोल्हापुरात जिवापाड जपली जाते. तिला सरळ, खाली दाबलेलं हँडल हवं असतं, आरामासाठी नाही, दिसण्यासाठी. दिसण्याची हौस मला समजते. पण हँडल टाकीला लागत असेल, गाडी पूर्ण वळत नसेल, तर मी ते काम करत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तर गेलं.

जागा ठरवणं हा कामाचा पूर्वार्ध. हँडल हललं की त्याच्यावरचं सगळं हलतं: क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल, ब्रेकचा पाइप, दोन्ही बाजूंच्या स्विचच्या वायरी. कंपनीनं त्या मोजून दिलेल्या असतात, ढील फार नसते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. तेव्हापासून ब्रेकचा पाइप हँडलवरून थेट चाकाकडं न जाता आधी एबीएसच्या डब्याकडं जातो, आणि मधे चेसीला क्लिपांनी बांधलेला असतो. जुन्या गाडीत चालून गेलेला इंचभर फरक नव्या गाडीत पाइप ताणतो. मग लांब पाइप घ्यावा लागतो, बँजो बोल्टचे वायसर नवीन लागतात, तेल बदलून हवा काढावी लागते. हँडल स्वस्तात मिळालं म्हणून खूश असलेल्या माणसाला मी हा खर्च आधीच सांगतो.

स्विचच्या डबीत आतल्या बाजूला एक बारीक खुंटी असते. ती हँडलला पाडलेल्या भोकात बसते, म्हणून डबी गोल फिरत नाही. बाजारातल्या नव्या हँडलला पुष्कळदा हे भोकच नसतं. नीट माप घेऊन ते पाडायला अर्धा तास जातो, आणि खुंटी कानशीनं घासून टाकायला मिनिटही लागत नाही. घासलेली डबी नुसत्या आवळण्यावर राहते. काही महिन्यांत स्क्रू सैल होतात आणि एक दिवस अ‍ॅक्सिलेटर पिळताना डबीच मुठीबरोबर फिरते. तेव्हा ट्रकला मागं टाकत असाल तर काय होईल, याचा विचार करा. भोक पाडताना मी हँडलला आधी चिकटपट्टी लावतो, डबी बसवून खुंटी जिथं टेकते तिथं खूण घेतो, लिव्हरची जागा पुन्हा एकदा बघतो आणि मगच ड्रिल लावतो. चुकीच्या जागी दुसरं भोक पाडलं की पाइप तिथं कमकुवत होतो. वाकलेलं हँडल तापवून सरळ करणं, तुटलेल्याला वेल्डिंग मारणं हेही मी करत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर विचारूही नये.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं ५२ वं कलम नोंदणीतले मूळ तपशील बदलतील अशा फेरफारांवर बंधन घालतं. लिव्हर फिरवणं किंवा त्याच मापाचं हँडल टाकणं वेगळं, आणि फोर्क, टी किंवा चेसी कापून बदलणं वेगळं. मोठा फेरफार करायचा तर आधी आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपंग माणसासाठी गाडी बदलून घ्यायची असेल तर त्यासाठी कायद्यात वाट आहे. ती धरूनच काम करून घ्या.

हे वाचून तुम्ही हँडल बदलायला निघालात, तर बदललेली गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकसमोर एवढं करा. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन चालू. हँडल अगदी डावीकडं न्या, मग अगदी उजवीकडं, सावकाश. आवाज जराही चढला तर अ‍ॅक्सिलेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी वळणावर आपणहून पळते. दोन्ही टोकांना हॉर्न वाजवून बघा, क्लच दाबून बघा, अंगठा टाकीला लागतो का बघा. मग कुणाला तरी मागं दाबायला सांगून पुढचं चाक उचला, फोर्क पूर्ण लांब होऊ द्या आणि ब्रेकचा पाइप ताठ होतोय का ते डोळ्यांनी बघा. शेवटी क्लँपचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले का, ते विचारा. यातलं एकही चुकत असेल तर पैसे देऊ नका, गाडी तिथंच ठेवा आणि काम पुरं करून घ्या. गॅरेज माझं असलं तरी.